वनस्नान

वनस्नान म्हणजे कोणतेही अंतर कापण्याची वा शिखर गाठण्याची घाई न करता, सर्व इंद्रियांनी भोवतालचा अनुभव घेत वनात काही काळ घालवणे. जपानी भाषेतील ‘शिनरिन-योकू’ या संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. ही संज्ञा १९८२ साली जपानच्या वनखात्याने प्रचारात आणली. १९९० नंतर तिच्या आधारे वनातील वास्तव्याचा मानवी शरीरावर व मनावर होणारा परिणाम मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि आज हा विषय वैद्यक, मानसशास्त्र व वनशास्त्र या तिन्ही शाखांच्या सीमेवर अभ्यासला जातो.

आजवरच्या अभ्यासांवरून दोन विधाने वेगवेगळी करावी लागतात. वनात काही तास घालवल्याने मनावरचा ताण कमी होतो, नाडी व रक्तदाब किंचित उतरतो, मन प्रसन्न होते, या विधानास बऱ्यापैकी पुरावा आहे. वनात गेल्याने रोग बरे होतात वा टळतात, या विधानास तसा पुरावा नाही. लोकप्रिय लेखनात पहिल्या विधानाच्या आधारावर दुसरे सर्रास केले जाते. त्यामुळे विद्यार्थ्यांनी हा फरक आरंभीच लक्षात घेणे इष्ट आहे.

संज्ञा

जपानी लिपीत झाडासाठी एक चिन्ह आहे. ते दोनदा शेजारी लिहिले की राई असा अर्थ होतो आणि तीनदा रचले की घनदाट अरण्य. ‘शिनरिन’ या शब्दात ही दोन्ही जोडचिन्हे येतात, म्हणजे एकाच शब्दात पाच झाडे उभी असतात. ‘योकू’ म्हणजे स्नान. जपानीत समुद्रस्नानासाठी ‘काइसुइ-योकू’ आणि सूर्यस्नानासाठी ‘निक्को-योकू’ हे शब्द आधीपासून रूढ होते. त्याच धर्तीवर नवा शब्द घडवल्याने तो लोकांना समजावून सांगावा लागला नाही.

मराठीत ‘वनस्नान’ या समासाचा विग्रह ‘वनातील स्नान’ असा केल्यास ओढ्यातली आंघोळ डोळ्यांपुढे येते. ‘सूर्यस्नान’ या शब्दाप्रमाणेच येथे ‘वनाने घडलेले स्नान’ असा अर्थ घ्यावयाचा आहे. वनभोजन, वनविहार, पदभ्रमण हे जुने शब्द याला पर्याय होऊ शकत नाहीत. वनभोजनात भोजन व मंडळी प्रधान असतात आणि पदभ्रमणात चालणे प्रधान असते. वनस्नानात वन प्रधान असते आणि माणूस बहुतांशी स्वस्थ असतो. प्रशिक्षित मार्गदर्शकासह, आरोग्याचा विशिष्ट हेतू ठेवून केल्या जाणाऱ्या कार्यक्रमास ‘वनोपचार’ म्हणतात. दोन्ही संज्ञा अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, पण त्या समानार्थी नाहीत.

उगम : आकासावाचे वन

जपानच्या भूमीचा सुमारे दोन तृतीयांश भाग वनाच्छादित आहे. तथापि १९८० च्या सुमारास या वनांचे काय करावे, हा प्रश्न शासनापुढे होता. परदेशी लाकूड स्वस्तात येऊ लागल्याने देशी लाकडाचा उठाव घटला होता आणि शहरांत राहणाऱ्या, दीर्घकाळ काम करणाऱ्या लोकांचा वनांशी संबंध तुटत चालला होता. अशा वेळी वनखात्याचे तत्कालीन प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ ही कल्पना मांडली. त्याच वर्षी नागानो प्रांतातील किसो खोऱ्यात, आगेमात्सु गावाजवळच्या आकासावा वनात तिचा पहिला कार्यक्रम झाला. म्हणजे ही कल्पना प्राचीन ऋषिपरंपरेतून वा झेन मठातून आलेली नाही, एका सरकारी खात्यातून आलेली आहे. तिच्या बाजूने शरीरशास्त्रीय पुरावा त्या वेळी फारसा नव्हता. तो पुढे गोळा होऊ लागला.

आकासावा वनात ‘हिनोकी’ या सूचिपर्णी वृक्षाची तीनशे वर्षांहून अधिक वयाची झाडे आहेत. हिनोकीचे लाकूड सुवासिक व टिकाऊ असते. इसे येथील प्रसिद्ध शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. त्यासाठी लागणारे लाकूड किसो खोऱ्यातून येते. पूर्वी लाकूड वाहणारी वनातील छोटी आगगाडी आता पर्यटकांना नेते.

या झाडांचे वय पुष्कळ काही सांगते. सतराव्या शतकाच्या आरंभी किल्ले व शहरे बांधण्यासाठी किसोच्या वनांची इतकी तोड झाली की डोंगर उघडे पडू लागले. तेव्हा त्या प्रदेशावर सत्ता असलेल्या ओवारी जहागिरीने वने राखीव केली आणि हिनोकीसह पाच जातींच्या वृक्षांच्या तोडीवर बंदी घातली. ‘एका झाडामागे एक शिर’ अशी त्या कायद्याची लोकांत ख्याती होती. आज ज्या वृक्षांखाली पर्यटक शांतपणे बसतात, ते त्या बंदीनंतर वाढलेले आहेत. ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून दाखवले जाणारे हे वन वस्तुतः एका कठोर कायद्याचे फलित आहे.

त्या कायद्याची किंमत खोऱ्यातील गावकऱ्यांनी मोजली. सरपण, घरासाठी लाकूड, गवत यांसाठी वनावर अवलंबून असलेल्या लोकांना तेच वन परके झाले. एकोणिसाव्या शतकात राजसत्ता बदलल्यावर वने पुन्हा खुली होतील ही त्यांची आशाही फोल ठरली. किसो खोऱ्यातील मागोमे गावी जन्मलेले कादंबरीकार शिमाझाकी तोसोन यांच्या ‘योआके माए’ (अर्थ : पहाटेपूर्वी) या कादंबरीत वनावरील हक्कासाठी गावकऱ्यांच्या वतीने अर्ज करणारा नायक आहे, तो लेखकाच्या वडिलांवर बेतलेला आहे. वन कोणाच्या सुखासाठी राखायचे, हा प्रश्न वनस्नानाच्या जन्मस्थानी त्या संज्ञेहून कितीतरी जुना आहे.

पद्धत

वनस्नानाचे कर्मकांड नाही. साधारणतः दोन ते चार तास वनात राहावे, सावकाश चालावे, वाटेल तेथे थांबावे, फोन बंद ठेवावा व बोलणे कमी करावे, एवढेच सांगितले जाते. दोन तासांत दोनेक किलोमीटर चालणे पुरेसे मानतात. मार्गदर्शक असल्यास तो एकेका इंद्रियाकडे लक्ष वेधतो. पाण्याचा आवाज कोणत्या दिशेने येतो, सालीचा स्पर्श कसा आहे, ओल्या मातीचा वास पायवाटेवर वेगळा आणि ओढ्याकाठी वेगळा का, अशा साध्या गोष्टींवर थांबणे हा त्याचा गाभा आहे. वनस्पतींची नावे ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. असल्यास बिघडत नाही, मात्र नावे मोजण्याचा छंद लागला की वनस्नान संपते आणि अभ्यासदौरा सुरू होतो.

जपानमध्ये साठाहून अधिक स्थळांना वनोपचाराची केंद्रे म्हणून मान्यता मिळालेली आहे. त्यासाठी केवळ वनसौंदर्य पुरत नाही. त्या स्थळी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग करून ताण घटतो असे दाखवावे लागते.

शास्त्रीय अभ्यास

शरीरावरील ताण मोजण्यासाठी संशोधक मुख्यत्वे तीन गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे कॉर्टिसॉल हे संप्रेरक. ताण वाढला की ते वाढते आणि लाळेच्या नमुन्यातून ते मोजता येते. पहाटेनंतर ते सर्वाधिक असते व दिवसभर उतरत जाते, म्हणून दोन ठिकाणचे नमुने एकाच वेळी घेणे अगत्याचे असते. दुसरी गोष्ट नाडी व रक्तदाब. तिसरी म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतरात होणारे सूक्ष्म चढउतार. त्यांवरून स्वायत्त चेतासंस्थेच्या दोन शाखांपैकी शरीराला सज्ज करणारी अनुकंपी शाखा प्रबळ आहे की विश्रांती देणारी परानुकंपी, याचा अंदाज येतो.

योशिफुमी मियाझाकी यांनी १९९० साली याकुशिमा बेटावरील प्राचीन वृक्षांच्या वनात, एनएचके या जपानी प्रसारणसंस्थेच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने, वनातील व प्रयोगशाळेतील कॉर्टिसॉलची तुलना केली. हा प्रयोग अगदी लहान होता, पण या शाखेचा प्रारंभ त्यापासून मानला जातो. १९९८ साली होक्काइदो येथील संशोधकांनी ८७ मधुमेही व्यक्तींना सहा वर्षांच्या काळात वेळोवेळी वनात चालवून त्यांच्या रक्तातील साखर घटल्याचे नोंदवले. चालण्याने साखर उतरतेच. त्यात वनाचा वाटा किती, हे त्या अभ्यासावरून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.

सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात जपानमधील २४ वने निवडून २८० तरुणांवर प्रयोग करण्यात आले. प्रत्येक ठिकाणी निम्मे जण पहिल्या दिवशी वनात व निम्मे शहरात पाठवले गेले, दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल झाली. दोन्हीकडे तितकेच चालणे, तितकेच बसून पाहणे आणि अन्नही तेच. वनात कॉर्टिसॉल, नाडी व रक्तदाब शहरापेक्षा कमी आढळले आणि परानुकंपी शाखेचे कार्य वाढलेले दिसले. चालणे दोन्हीकडे सारखे असल्याने व्यायामाचा प्रभाव येथे वजा होतो. हे या अभ्यासाचे बलस्थान आहे.

टोकियोच्या निप्पॉन वैद्यकीय विद्यालयातील छिंग ली यांनी रोगप्रतिकारशक्तीकडे लक्ष वळवले. रक्तातील ‘नैसर्गिक मारक पेशी’ विषाणूंची लागण झालेल्या वा कर्करोगग्रस्त बनलेल्या पेशींवर हल्ला करतात. टोकियोतील कंपन्यांत काम करणाऱ्या बारा पुरुषांना तीन दिवस व दोन रात्री वनात नेल्यावर या पेशींची क्रियाशीलता वाढल्याचे त्यांच्या गटाने २००७ साली प्रसिद्ध केले. पुढच्या अभ्यासात शहरातील तशाच सहलीशी तुलना केली असता शहरात ही वाढ दिसली नाही. वनातील वाढ मात्र आठवड्याहून अधिक काळ, काही अंशी महिनाभर टिकली. २००९ सालच्या प्रयोगात तर वनात न जाता हॉटेलच्या खोलीत रात्रभर हिनोकीच्या तेलाची वाफ सोडण्यात आली आणि तेथेही या पेशींत काहीशी वाढ आढळली.

जपानबाहेरचा प्रसिद्ध अभ्यास वनातला नसून रुग्णालयातला आहे. रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग इत्यादी बाबतींत जुळणाऱ्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्यावर असे दिसले की झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले आणि भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या या दोन पानी निबंधाने रुग्णालयांच्या रचनेवर मोठा प्रभाव टाकला. फरक पाऊण दिवसाचाच आहे, हे मात्र त्याचा दाखला देणारे क्वचितच सांगतात.

मनाच्या बाजूने पाहता मिशिगन विद्यापीठातील रेचेल व स्टीफन कॅप्लन या दांपत्याचा ‘अवधान-पुनःस्थापना’ सिद्धांत महत्त्वाचा आहे. त्यांच्या मते अवधान दोन प्रकारचे असते. हिशेब तपासताना वा रहदारीतून रस्ता ओलांडताना आपण प्रयत्नपूर्वक लक्ष देतो व इतर सर्व गोष्टी मागे सारतो; हे अवधान थकते. पानांची सळसळ, ढगांची हालचाल, वाहते पाणी यांकडे लक्ष आपोआप जाते, त्यासाठी काही मागे सारावे लागत नाही. तेवढ्या वेळात पहिल्या अवधानाला विसावा मिळतो. वर्गात चाळीस मिनिटांच्या सलग तासानंतर मुलांना खिडकीबाहेर का पाहावेसे वाटते, याचे उत्तर कदाचित याच सिद्धांतात आहे. २००८ साली याच विद्यापीठाच्या परिसरात झालेल्या प्रयोगात वृक्षोद्यानातून फिरून आलेल्यांना ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगण्याचे काम, गजबजलेल्या रस्त्यावरून फिरून आलेल्यांपेक्षा अधिक चांगले जमले.

स्टॅनफर्ड येथील २०१५ सालच्या अभ्यासात ३८ व्यक्तींपैकी काहींना ९० मिनिटे ओकवृक्ष असलेल्या माळावर व काहींना वाहत्या रस्त्याकडेने चालवले. माळावरून परतलेल्यांमध्ये स्वतःविषयीचे तेच ते निराश विचार घोळवत बसण्याची प्रवृत्ती कमी झाली व मेंदूच्या त्याच्याशी संबंधित भागाचे कार्यही मंदावले. इंग्लंडमधील सुमारे २०,००० व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ सालच्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटे किंवा अधिक काळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हा काळ एकदम घालवला की थोडा थोडा, याने फरक पडला नाही.

परिणाम कसा घडतो

याविषयी एकमत नाही. झाडांतून बाहेर पडणारी बाष्पशील द्रव्ये हे एक संभाव्य कारण मानले जाते. वनस्पती जंतू, बुरशी व कीटक यांपासून रक्षणासाठी जी द्रव्ये सोडतात, त्यांना सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस तोकिन यांनी १९३० च्या सुमारास ‘फायटोनसाइड’ हे नाव दिले. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांचा परिचित गंध पायनीन व लिमोनीन या द्रव्यांमुळे येतो. वनातील हवेत त्यांचे प्रमाण अत्यल्प असते आणि ते तापमान, वारा व वृक्षाच्या जातीनुसार बदलते.

दुसरे स्पष्टीकरण उत्क्रांतीचे आहे. मानवजातीचा बहुतांश काळ निसर्गात गेल्याने सजीव सृष्टीची ओढ आपल्यात उपजत आहे, असे प्रतिपादन एडवर्ड विल्सन यांनी १९८४ च्या ‘बायोफिलिया’ या ग्रंथात केले. ते आकर्षक आहे, पण पडताळून पाहणे कठीण आहे. अरण्यात वाढलेल्या आपल्या पूर्वजांना अरण्याची भीतीही तितकीच उपजत असली पाहिजे. अंधारात साप दिसला की मन शांत होत नाही.

याखेरीज वनात गोंगाट कमी, हवा स्वच्छ, सावलीमुळे तापमान कमी आणि कामाचा फोन नाही. वनाने काही दिले की शहराने घेतलेले काही काळ परत मिळाले, हे वेगळे करणे अवघड आहे. सामान्य वाचकाच्या दृष्टीने कदाचित ते आवश्यकही नाही. संशोधकाच्या दृष्टीने आहे.

मर्यादा व आक्षेप

औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी मिळाली की साखरेची, हे त्याला कळू दिले जात नाही. वनाच्या बाबतीत हे अशक्य आहे. आपण वनात आहोत हे प्रत्येकाला कळते आणि बरे वाटावे अशी अपेक्षाही असते. इटालियन संशोधकांनी २०१९ साली कॉर्टिसॉलविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वनगटाचे कॉर्टिसॉल शहरगटापेक्षा कमी आढळले खरे, पण ते वनस्नान सुरू होण्यापूर्वीही कमी होते. वनात जायचे आहे, या कल्पनेनेच ताण उतरू लागला असावा.

अनेक प्रयोगांतील व्यक्ती थोड्या, तरुण, निरोगी व बहुधा पुरुष आहेत. वर उल्लेखिलेल्या २८० जणांत एकही स्त्री नव्हती. छिंग ली यांनी पुढे परिचारिकांवरही प्रयोग केला, पण त्यांची संख्या तेराच होती. परिणाम मोजला गेला तो काही तासांचा वा दिवसांचा, वर्षानुवर्षांचा नव्हे. मोठ्या पाहण्यांत वेगळी अडचण येते. जे निसर्गात अधिक जातात ते मुळातच अधिक निरोगी, सुस्थितीत वा मोकळा वेळ असलेले असू शकतात. आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो. त्यावरून बाहेर न पडल्याने तो आजारी झाला असे म्हणता येत नाही.

नैसर्गिक मारक पेशींविषयीच्या निष्कर्षांचा विपर्यास सर्वांत अधिक होतो. या पेशींची क्रियाशीलता काही दिवस वाढणे आणि कर्करोग टळणे वा बरा होणे, यांमध्ये फार मोठे अंतर आहे. वनस्नानाने कर्करोग झालेला रुग्ण बरा झाल्याचे कोणत्याही नियंत्रित चाचणीत सिद्ध झालेले नाही. रक्तदाब, मधुमेह वा नैराश्य यांची औषधे बंद करून वनात जावे, असे या विषयातील कोणताही जबाबदार संशोधक सांगत नाही. तथापि निवासी शिबिरांच्या जाहिराती व समाजमाध्यमांवरील संदेश यांत तसे सूचित केलेले आढळते. ज्या घरात दीर्घ आजाराचा रुग्ण आहे तेथे असा संदेश किती आशेने वाचला जातो, हे ध्यानी घेतले म्हणजे या अतिशयोक्तीला निरुपद्रवी म्हणता येत नाही.

इतर देशांत

दक्षिण कोरियाने २०१५ साली वनकल्याणाविषयी स्वतंत्र कायदा केला. तेथे येओंगजू येथे राष्ट्रीय वनोपचार केंद्र असून वनोपचाराच्या मार्गदर्शकांना शासनाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जर्मनीत बाल्टिक समुद्रातील उझेडोम बेटावर हेरिंग्सडॉर्फ येथे कायद्याने मान्य केलेले ‘आरोग्यवन’ आहे. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर २०१८ पासून डॉक्टर औषधांसोबत निसर्गात जाण्याचीही लेखी सूचना देऊ लागले. औषधांऐवजी नव्हे, सोबत.

भारत आणि महाराष्ट्र

वनस्नानाविषयी भारतात लिहिताना वानप्रस्थाश्रम, आरण्यके, ऋषींचे आश्रम यांचा उल्लेख करून ही कल्पना मूळची आपलीच असल्याचे सांगण्याची पद्धत पडली आहे. वनात एकांत शोधण्याची परंपरा येथे आहेच. देहूजवळच्या भंडारा व भामगिरी या डोंगरांशी संत तुकारामांच्या साधनेचे नाते सर्वश्रुत आहे. परंतु साधनेसाठी एकांत आणि आरोग्यासाठी वन या दोन भिन्न गोष्टी आहेत. आरोग्याचा विचार करणाऱ्या चरकसंहितेत भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. आज आपण ज्याला ‘जंगल’ म्हणतो तो शब्द ‘जांगल’वरून आला असला, तरी मूळ अर्थ कोरडी, विरळ झाडांची, मोकळी भूमी असा होता. दाट झाडी व पाणथळ असलेली भूमी ती आनूप. ती आरोग्यास अहितकर मानली आहे आणि मरुभूमी सर्वांत आरोग्यदायी. हिवतापाच्या काळात दाट अरण्याजवळ राहणाऱ्यांचा अनुभव याहून वेगळा नसावा. वन आरोग्यदायी वाटू लागले ते बहुधा रोगांवर औषधे आल्यानंतर आणि माणूस शहरात गेल्यानंतर.

महाराष्ट्र व गोव्यात शांतपणे वनात जाण्याची एक जुनी जागा म्हणजे देवराई. कोकणात तिला देवरहाटी, गोव्यात देवराय असेही म्हणतात. देवाच्या नावाने राखलेल्या या राईतून वाळकी काटकीसुद्धा नेऊ नये, असा संकेत अनेक गावांत होता. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास करून त्यांचे वनस्पतिशास्त्रीय महत्त्व दाखवून दिले. देवराईत जाण्याचा हेतू आरोग्य हा नव्हता. देवाचे भय आणि गावचा नियम हे होते. आता काही ठिकाणी मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी राईच तोडली जाते आणि सिमेंटच्या सभामंडपात घंटा घुमते.

मराठी साहित्यात वनातील वास्तव्याचा अनुभव नोंदवणारी सशक्त परंपरा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि वनाधिकारी म्हणून सेवा केलेले मारुती चितमपल्ली यांचे लेखन ही ठळक उदाहरणे होत. त्यांत आरोग्याची भाषा नाही, पण वनात माणूस कसा सावकाश होतो हे त्यांतून दिसते.

शासकीय पातळीवर उत्तराखंडच्या वनविभागाने २०२१ साली राणीखेतजवळ कालिका येथे सुमारे तेरा एकरांच्या चीड वृक्षांच्या वनात वनोपचार केंद्र सुरू केले. महाराष्ट्रात शहराला लागून असलेले सर्वांत मोठे वन म्हणजे मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शंभर चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक क्षेत्राच्या या उद्यानात पहाटे फेरफटका मारणाऱ्यांची नित्य वर्दळ असते; त्याच वनात बिबटेही आहेत. ताडोबासारख्या व्याघ्रप्रकल्पांत पर्यटकाला वाहनातून उतरण्यास मनाई असते, त्यामुळे तेथे वनस्नान संभवत नाही आणि संभवू नये. बहुतेक प्रयोग समशीतोष्ण प्रदेशातील वनांत झालेले आहेत. उन्हाळ्यात पानगळ होऊन उघडा पडणारा विदर्भातील साग आणि पावसाळ्यात जळवांनी भरलेली आंबोलीची वाट यांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

वननिवासी आणि वन

या सर्व अभ्यासांत ‘माणूस’ म्हणजे बहुतांशी शहरातून वनात येणारा व संध्याकाळी परतणारा माणूस आहे. गडचिरोलीतील माडिया वा गोंड कुटुंबासाठी, भीमाशंकर परिसरात हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळ्यांसाठी वन हे कामाचे ठिकाण आहे. मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्याचा हंगाम हा वर्षाच्या कमाईचा मोठा आधार असतो. चंद्रपूर जिल्ह्यात याच कामासाठी पहाटे वनात गेलेल्या स्त्री-पुरुषांवर वाघाचे हल्ले होतात. त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल त्या वेळी किती असते, हे तपासण्याचे कोणाला सुचलेले दिसत नाही.

त्यांच्या स्वास्थ्याचा संबंध वनात जाण्याच्या मोकळिकीशी आणि तेथील उत्पन्नावरील हक्काशी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला; देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. किसो खोऱ्यातील गावकरी शतकापूर्वी अर्जांतून जे मागत होते, ते याहून फार वेगळे नव्हते. वनोपचारासाठी एखादे वन निवडताना तेथून कोणाची पायवाट बंद होणार आहे, हे म्हणूनच पाहावे लागते.

धोके व दक्षता

वनापासून होणारे आजार वनस्नानाच्या प्रचारात सहसा सांगितले जात नाहीत. खुद्द जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी सुगी वृक्षाची प्रचंड लागवड झाली आणि त्याच्या परागकणांमुळे दर वसंत ऋतूत असंख्य लोकांना शिंका, डोळ्यांची जळजळ व सर्दी यांचा त्रास होतो. २०२३ साली जपान सरकारने सुगीच्या लागवडीचे क्षेत्र दहा वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. ज्या देशाने वनस्नान दिले, त्याच देशात वनाने राष्ट्रव्यापी दुखणेही दिले आहे.

दक्षिण कोकण व गोव्यातील वाचकांसाठी माकडतापाची माहिती अधिक महत्त्वाची आहे. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर वनात प्रथम ओळखला गेलेला हा विषाणुजन्य ज्वर गोचिडीच्या चाव्यातून होतो. गोव्यातील सत्तरी तालुक्यात २०१५ साली आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ साली त्याची साथ आली. काजू बागायतीत काम करणारे व पालापाचोळा गोळा करणारे लोक त्याला प्रामुख्याने बळी पडतात. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्याचा जोर असतो. या काळात त्या भागातील वनात पालापाचोळ्यावर बसू वा झोपू नये, अंगभर कपडे घालावेत आणि परतल्यावर अंग व कपडे तपासून गरम पाण्याने स्नान करावे. मेलेले माकड आढळल्यास त्याला हात न लावता आरोग्यकेंद्रास वा वनकर्मचाऱ्यांस कळवावे. वनातून आल्यानंतर आठवडाभरात तीव्र ताप व अंगदुखी सुरू झाल्यास डॉक्टरांना आपण कोणत्या वनात व केव्हा गेलो होतो हे आवर्जून सांगावे.